मागचे बाक

चर्चचे बाक पुसायचं काम पाळकीण दुसऱ्या कुणाला करू देत नसे. दर रविवारी घंटा व्हायच्या आधी, बाह्या सरसावून, हातात बादली आणि ओलं फडकं घेऊन ती पुढच्या बाकापासून सुरुवात करी आणि पुसत पुसत दारापर्यंत येई. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासूनचा तिचा हा नेम. नवरा पाळक. तो देवाचं घर शब्दांनी झाडतो, आपण फडक्यानं झाडावं, असं ती हसून म्हणायची.

त्या रविवारी तिला हसू येत नव्हतं. पाळक आदल्या दिवशी होडीनं नदीपलीकडे गेला होता आणि अजून परतला नव्हता.

नदीच्या अलीकडे फौज होती, पलीकडे डोंगरातले बंडखोर. गावात त्यांची नावं कुणी घेत नसे. ‘इकडचे’ आणि ‘तिकडचे’, एवढंच. भिंतीला कान असतात म्हणतात, पण त्या दिवसांत भिंतींना तोंडंही फुटली होती. पूल पहिल्याच हिवाळ्यात उडवला गेला होता. आणि मिशन नेमकं काठावर! चर्च, त्याला लागून छोटासा दवाखाना, मागे पाळकाचं घर आणि घरामागे बटाट्याचं शेत. जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये दाणे असावेत तशी ही माणसं. पाळक, पाळकीण, पाळकाची म्हातारी आई आणि सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी एका जागी कधी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत.

मोठ्या मिशनमधून दोनदा निरोप आला होता की कुटुंब घेऊन निघून या. पाळक म्हणाला, “आपण गेलो तर यांना पुरणार कोण?”

कारण नदी माणसं घेऊन येत होती. पुलाच्या मोडक्या खांबांना ती अडकायची. इकडचे तिकडच्यांना हात लावत नसत, तिकडचे इकडच्यांना. मग पाळक आणि मिशनचा माळी गळ टाकून त्यांना काठावर ओढून घेत. पाळक एकेकाचं तोंड धुवायचा, केस विंचरायचा. बटाट्याच्या शेतात बटाटे लावायचं कधीच बंद झालं होतं. कुणाचा धर्म कोणता ते ठाऊक नसल्यामुळे वर क्रूस न लावता नुसता नदीतला दगड ठेवत. म्हातारी एकदा म्हणाली होती, “अगं सूनबाई, हा लहानपणी मेलेली पाखरं पुरायचा. मला वाटलं, मोठा झाला की खोड जाईल!”

कफनाला कापड कुठून आणायचं? पाळकिणीनं आधी पांढऱ्या चादरी दिल्या. त्या संपल्यावर रंगीत दिल्या, मग खिडक्यांचे निळ्या पट्ट्यांचे पडदे काढले, मग जेवणाच्या टेबलावरचं कापड. तिच्या आईनं लग्नात दिलेली फुलाफुलांची चादर तिनं बरेच दिवस मागे ठेवली होती. बर्फ वितळलं तेव्हा एक पोरगा वाहत आला, जेमतेम मिसरूड फुटलेला. त्याचं तोंड तिनंच पुसलं आणि उठून कपाटातून ती चादर काढली.

आणि आता हे बाक.

डाव्या बाजूच्या मागच्या बाकांवर कुणी बसत नसे. थोडी माणसं उरली होती, ती पुढे शेगडीजवळ दाटीवाटीनं बसत. तरी गेले कित्येक रविवार पाळकीण मागे आली की तिच्या फडक्याला माती लागायची. ओली, काळी, ताज्या खणलेल्या खड्ड्यातली असावी तशी. बाकांचं लाकूड बसायच्या जागी दमट असायचं, पाठ टेकायच्या जागीही. छप्पर गळत असेल असं धरून ती चालली होती. छप्पर पाहायला माळी शिडी लावून वर चढला आणि खाली येऊन म्हणाला, “बाई, छप्पर ठणठणीत आहे.” एवढंच म्हणाला आणि शिडी उचलून निघून गेला. एरवी शिडीच्या प्रत्येक पायरीवर त्याची एक गोष्ट असायची.

सासूबाईंचं आणखी वेगळं. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नसे. उपासनेत त्या सगळ्यांचे ओठ बघून गात आणि दोन ओळी मागे राहत. “देवाला ऐकू येतं ना, मग माझ्या कानांना कशाला तोशीस?” असं वर म्हणत. पण मागच्याच रविवारी घरी येताना त्यांनी सुनेचा हात धरला. चेहरा उजळला होता.

“आज गाणं किती छान झालं गं! सगळं ऐकू आलं मला. पुरुषांचे आवाज किती होते... असे भरदार. जमिनीतून येतात ना, तसे.”

त्या दिवशी चर्चमध्ये पुरुष एकच होता, सासूबाईंचा मुलगा, पाळक. आणि त्याचा घसा बसला होता.

पाळकिणीनं ते नवऱ्याला सांगितलं नाही. त्याच्या डोक्यावर कमी का ओझं होतं? आठवड्याभरापूर्वी पलीकडचं गाव जळलं आणि बायका-पोरं रात्रीतून नदी ओलांडून मिशनमध्ये आली. दोन जखमी मुलंही होती, तिकडच्यांचीच. इकडच्या अधिकाऱ्याला ते कळायला वेळ लागला नाही. त्यांना होडीनं खालच्या अंगाला, मोठ्या इस्पितळाच्या गावी पोचवू द्या, अशी विनवणी पाळकानं केली. अधिकारी म्हणाला, “होडीवर तिकडून गोळी येणार नाही असा त्यांच्या म्होरक्याचा शब्द आणा. रविवार सकाळपर्यंत. नाहीतर मी ट्रक पाठवतो.” त्या ट्रकमधून गेलेलं माणूस कुणी पुन्हा पाहिलेलं नव्हतं. म्हणून पाळक शब्द आणायला गेला होता आणि माळी वल्ही मारायला. अंधार पडल्यावर पलीकडून बराच वेळ गोळ्यांचे आवाज आले होते. मग बंद झाले होते.

सकाळ उजाडली ती धुक्यात. धुकं इतकं दाट की घंटेचा दोर दिसत होता, घंटा दिसत नव्हती. पाळकिणीनं मागचे बाक पुसले. माती नेहमीपेक्षा जास्त होती. तिनं फडकं पिळलं, हात धुतले आणि घंटा वाजवली.

उपासना तिनंच चालवायची होती. पायपेटीवर बसून तिनं पहिलं गीत धरलं. पुढच्या बाकांवर बायका, त्यांच्या मांडीवर पोरं, कडेला सासूबाई आणि भिंगरी. दुसरं कडवं चालू असताना बाहेर ट्रक थांबला. इंजिनाची घरघर सगळ्यांनी ऐकली. एकेक आवाज गळत गेला. पाळकीण गातच राहिली. गाणं थांबलं की सगळंच थांबेल, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं.

दार उघडलं. धुक्याचा लोट आत आला आणि त्यात अधिकारी उभा राहिला. त्यानं आत नजर फिरवली. डावीकडच्या मागच्या बाकांवर ती थबकली आणि त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. पाळकिणीनं ते पाहिलं. तिचे पाय पेटीचा भाता दाबत राहिले.

मग तिनं पाहिलं की त्याचा हात हळूहळू खाली आला. त्यानं टोपी काढली. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

गीत संपवून ती दाराशी गेली. तो उंबऱ्याच्या आत आला नव्हता. त्याच्या मागे शिपाई धुक्यात पाय आपटत उभे होते. तो इतक्या हळू बोलला की तिला जवळ जावं लागलं.

“मला सांगितलं होतं, इथं बायका-पोरंच आहेत.”

“तेवढीच आहेत साहेब. आणि दवाखान्यात दोघं जखमी.”

“बाई, मी आंधळा नाही. मागचे बाक भरलेत. मला बघून एक जण उठला नाही... मान वळवली नाही. हत्यारं कुठं ठेवलीत त्यांनी?”

पाळकिणीनं मागे वळून पाहिलं. रिकामे बाक. ओलसर लाकडावर खिडकीतला करडा उजेड.

“आणि पांघरुणं घेऊन का बसलेत सगळे?” तो म्हणाला. “कुणी चादर... कुणी निळ्या पट्ट्यांचा पडदा. त्या दाढीवाल्यानं तर टेबलावरचं कापड गुंडाळलंय.”

तिनं दाराची चौकट धरली. पडदे तिनं कापले होते, टेबलावरचं कापड तिनं स्वतःच्या हातानं दाढीवाल्याच्या खांद्याखाली खोचलं होतं. हे या माणसाला कुणी सांगितलं असणार?

“तो कडेचा,” अधिकारी म्हणाला आणि थांबला. “फुलाफुलांची चादर आहे ना, तो. तो माझा धाकटा भाऊ आहे, बाई. दोन वर्षांपूर्वी भांडून तिकडं गेला. एवढी घट्ट का धरलीय त्यानं चादर? त्याला थंडी वाजतेय का?”

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं नाही.

“बर्फ वितळलं तेव्हा आला,” ती म्हणाली. “त्याचं तोंड मी पुसलं. पुढचा दात अर्धा तुटलेला होता.”

“सायकलवरून पडला होता,” तो म्हणाला. “माझ्या सायकलवरून. मीच ढकलली होती.”

आतून एका पोराच्या खोकल्याचा आवाज आला. मग अधिकाऱ्यानं डोळे पुसले आणि जरा चढ्या आवाजात, माणसात आल्यासारखा म्हणाला, “पण तुम्ही मला फसवलंत. पाळकसाहेब परत आले नाहीत असा निरोप होता तुमचा. ते तर आलेत!”

“कुठं?”

“ते काय, शेवटच्या बाकावर. तुमच्या त्या माळ्याशेजारी. चष्म्याची एक काच फुटलीय.” त्यानं डोळे बारीक केले. “दोघं आत्ताच आले असावेत. त्यांच्या अंगावर काहीच नाही... कुणी अजून पांघरूण दिलेलं नाही.”

हे बोलून तो वळला. शिपायांना म्हणाला, “चला. इथं कुणी नाही.” आणि चालता चालता, तिच्याकडे न बघता, “आमच्याकडून होडीवर गोळी सुटणार नाही. अंधाराच्या आत न्या त्यांना.” ट्रक आला तसा धुक्यात गेला.

पाळकीण आत आली. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. तिनं मानेनंच सांगितलं, गेले. कुणीतरी हुंदका दिला. ती मात्र पुढे गेली नाही. शेवटच्या बाकाशी उभी राहिली. तिच्या खांद्यावर शाल होती, घरातलं शेवटचं धड कापड. कुणी अजून पांघरूण दिलेलं नाही... ते शब्द कानात घुमत होते. माणूस थंडीत बसला असेल तर त्याच्या अंगावर शाल घालावी, एवढी साधी गोष्ट. तिचा हात शालीकडे गेलासुद्धा.

आणि तिथेच थांबला. तिनं शाल दोन्ही मुठींनी छातीशी आवळून धरली. रिकाम्या बाकावर वाकून, नवऱ्याला झोपेतून उठवताना वापरी त्याच आवाजात ती म्हणाली,

“अहो, उठा. इथं नाही बसायचं तुम्ही. उठा, घरी चला.”

ओल्या मातीचा वास दाटून आला. बाकाचं लाकूड करकरलं. मग काही नाही.

तिनं पुढे जाऊन उपासना पुरी केली. काय बोलली, कोणतं गीत धरलं, तिला पुढे कधी आठवलं नाही.

दुपारी धुकं विरलं आणि बायकांपैकी कुणीतरी ओरडलं. नदीत होडी दिसत होती. वल्ही मारणारा एकटाच होता, वेडीवाकडी मारत होता. पाळकीण गुडघाभर पाण्यात धावली. पाळकाचा कोट चिखलानं माखला होता, चष्म्याची एक काच फुटली होती, पण तो होता. जिवंत होता. होडीच्या तळाशी माळी आडवा होता. चेहऱ्यावर डोक्याचं लाल फडकं ओढलेलं.

“शब्द मिळाला,” एवढंच पाळक म्हणाला. “त्यांना आधी न्या.”

त्याच होडीनं आणि कोळ्यांच्या आणखी एका होडीनं सगळी बायका-पोरं आणि दोघं जखमी खालच्या गावाला गेली. एकही गोळी कुठून सुटली नाही. ती सगळी सुखरूप पोचली, हे आधीच सांगून टाकतो. निदान एवढं तरी त्या दिवसाच्या पदरी घालायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्याला पुरून आल्यावर पाळक शेगडीजवळ बसून बोलला. शनिवारी रात्री, शब्द घेऊन परत येताना काठाशीच गोळीबार सुरू झाला होता. कुणी कुणावर केला, देव जाणे. माळी त्याच्या अंगावर पडला आणि दोघं लव्हाळ्यात कोसळले. पाळक सकाळपर्यंत त्याच्याखाली गोठत पडून होता.

“मग थंडी वाजायची थांबली,” तो म्हणाला. “घंटा ऐकू आली. आणि मी चर्चमध्ये होतो. मागे, शेवटच्या बाकावर. बाक भरलेले होते गं. सगळी आपलीच माणसं... आपण पुरलेली. बरं वाटत होतं. उठावंसंच वाटेना. मग तू म्हणालीस, उठा, घरी चला. तुझा आवाज ऐकून मी हातपाय हलवले.”

पाळकिणीनं त्याचा हात धरला होता तो आणखी घट्ट धरला. मग तिनं अधिकाऱ्याची सगळी हकीकत सांगितली. त्याचा भाऊ, चादर, तुटका दात.

“हो, पाहिलं मी त्याला,” पाळक म्हणाला. “भावाशेजारीच बसला होता. टोपी मांडीवर घेऊन.”

“कोण?”

“अधिकारी.”

“नाही हो. तो दारात उभा होता. उंबऱ्याच्या आत त्यानं पाऊलही टाकलं नाही.”

पाळक तिच्याकडे बघत राहिला. शेगडीतलं लाकूड फुटलं तसे दोघंही दचकले.

त्याच आठवड्यात एका सकाळी शिपायांनी अधिकाऱ्याला फळीवर घालून मिशनच्या दारात आणलं. तो भल्या पहाटे मोडक्या पुलावर एकटाच चालत गेला होता, म्हणे, टोपी हातात घेऊन. गोळी कुठल्या काठावरून आली ते सांगता येत नव्हतं. आपल्याला मिशनच्या शेतात, भावाशेजारी ठेवावं असं तो आदल्या रात्री बोलून गेला होता. आता माळी नव्हता. पाळकानं एकट्यानं खणलं, आणि पाळकिणीनं खांद्यावरची शाल दिली.

त्या संध्याकाळी भांडी घासता घासता तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मनात एक विचार आला होता आणि तो काही केल्या जाईना. तिनं हात पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुम्ही म्हणालात, सगळी आपण पुरलेली माणसं होती. पण तो तेव्हा जिवंत होता.”

“हं.”

“तसं आणखी कुणी होतं का... त्या बाकांवर?”

पाळक खिडकीकडे बघत होता. बाहेर भिंगरी आजीला ओरडून ओरडून कसली तरी गोष्ट सांगत होती आणि आजी भलतंच ऐकून हसत होती.

“सांगा ना.”

“सगळेच चेहरे मला दिसले नाहीत,” पाळक म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे त्याला ते जमतही नव्हतं. पाळकिणीनं पुन्हा विचारलं नाही. तिला विचारवलं नाही.

पुढच्या रविवारी उपासनेला ती सासूबाईंना घेऊन नेहमीच्या जागी आली. भिंगरी तिच्या मागून येऊन बाकावर चढणार तोच पाळक व्यासपीठावरून धावतच खाली आला. त्यानं पोरीला उचलून घेतलं. “बाकावर नाही,” तो म्हणाला. “आजपासून तू माझ्याजवळ बसायचं. इथं, पायरीवर.” भिंगरी खूश झाली. पायरीवरून सगळं चर्च दिसत होतं.

पाळकिणीनं पेटीवर गीत धरलं. तिची नजर पोरीवरून हलत नव्हती. भिंगरी गीतांचं पुस्तक उघडून शहाण्यासारखी गात होती. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला तिनं बाजूला पाहिलं, फ्रॉक आवरून घेतला आणि पायरीवर जराशी सरकली. मग पुस्तक दोघांना दिसेल असं धरून ती पुढे गाऊ लागली.